वरच्या वाडीचा रकाना

पुन्हा पाट्यांवर कागद चिकटले. ग्रामपंचायतीच्या दारातली संगमरवरी पाटी, पाण्याच्या टाकीवरची नावं, एसटीच्या थांब्यावरचं 'यांच्या प्रयत्नांतून', अगदी स्मशानभूमीच्या शेडवरचं नावसुद्धा. पंचायतीचे शिपाई गव्हाच्या पिठाची खळ शिजवून, बादलीत घेऊन गावभर फिरले आणि जिथे जिथे पुढाऱ्याचं नाव दिसलं तिथे जुनं वर्तमानपत्र लावून आले. दोन दिवस ऑफिसात त्या खळीचा आंबूस वास राहतो. मग तो जातो आणि मागे उरते ती आचारसंहितेची शांतता.

लोक 'आचारसंहिता लागली' म्हणतात, थंडी लागली म्हणावं तसं. मला तो एक ऋतूच वाटतो. या दिवसांत नवे ठराव होत नाहीत, नारळ फुटत नाहीत, नव्या कामाची फाईल उघडत नाही. एरवी दाखल्यांसाठी दारात चपलांचा ढीग असतो. आता माणसं उंबऱ्यातून डोकावतात, 'सध्या बंदच आसंल ना?' असं स्वतःलाच विचारतात आणि निघून जातात. भाऊसाहेब, म्हणजे आमचे ग्रामसेवक, सारखे तालुक्याला प्रशिक्षणाला गेलेले असतात. ऑफिसात मी असते, संगणक असतो आणि एक घरघरणारा पंखा.

मी इथे संगणकचालक आहे. रोज सकाळी जुन्नरहून माळशेजकडे जाणाऱ्या एसटीत बसते, मढच्या अलीकडे उतरते, संध्याकाळच्या गाडीने परत जाते. शिकले इंग्रजी शाळेत. घरी अम्मी-अब्बांशी बोलायची भाषा वेगळी. मराठी माझ्यापर्यंत आली ती अब्बांच्या गाद्यांच्या दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या तोंडून, पिंजलेल्या कापसाच्या धुरळ्यातून. शाळेत मराठीचा एक पेपर असायचा, पास होण्यापुरता. लिहायचं मराठी मी शिकले ते या खुर्चीत बसून, ठराव टाईप करता करता. 'सबब', 'यास्तव', 'सर्वानुमते'. हे शब्द मला आवडतात. त्यांच्यामागे लपता येतं. ठरावात 'मी' नसतो.

त्या वर्षीचा ऋतू विधानसभेचा होता. माझ्यासाठी तो कागद चिकटण्याच्या बराच आधी, आषाढात सुरू झाला. एका तक्त्याने.

आमच्या गावात मतदानाच्या दोन खोल्या होत्या. एक खाली मोठ्या शाळेत, दुसरी डोंगराच्या पोटाशी वरच्या वाडीत. वाडीतली शाळा मुलं कमी झाली म्हणून बंद पडली होती, आणि तिचं कुलूप फक्त निवडणुकीला उघडायचं. तालुक्याहून आलेल्या तक्त्यात प्रत्येक केंद्रापुढे रकाने होते. रॅम्प, वीज, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, सुस्थितीतलं छत. प्रत्येक रकान्यात 'आहे' किंवा 'नाही' एवढंच निवडायचं.

"भाऊसाहेब, वरच्या वाडीचं काय टाकू?"

"सगळीकडे 'आहे' टाका."

"पण आहे का?"

भाऊसाहेब चहा बशीत ओतत होते. "मॅडम, 'नाही' टाकलं की खुलासा मागतात. का नाही, कधी होणार, जबाबदार कोण. 'आहे' टाकलं की कुणी विचारत नाही. माझ्या आधीच्यांनी 'आहे' टाकलं, त्यांच्या आधीच्यांनी 'आहे' टाकलं. मी एकदम 'नाही' टाकलं तर लोक म्हणतील, ह्याच्या काळात सगळं चोरीला गेलं."

मी हसले. बाहेर पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. मी 'आहे' निवडत गेले. तेव्हा त्यात खोटं असं काही वाटलं नाही. कुणी 'कसं काय?' विचारल्यावर आपण 'बरं आहे' म्हणतो, तितकंच ते वाटलं. कागदाने विचारलं, आपण सांगितलं, कागद पुढे गेला. वाडी मी तोवर पाहिलीही नव्हती.

पाहिली ती पंधरा दिवसांनी. मतदारयादीचं काम सुनंदाताईंकडे होतं. त्या गावातल्या अंगणवाडीच्या सेविका. घरोघर जाऊन नावं तपासायची आणि ती मोबाईलमध्ये भरायची होती. मोबाईलचं त्यांना जमत नसे, म्हणून मला बरोबर नेलं. चढाची वाट होती. दोन्ही अंगांना भाताची खाचरं, त्यांत गुडघाभर हिरवं, आणि बांधावरून एका खाचरातून दुसऱ्यात पडणारं पाणी. ढग इतके खाली आलेले की पुढे चालणाऱ्या सुनंदाताईंची फक्त छत्री दिसायची. आवाज मात्र सतत यायचा.

"तुमी काय बोलतच न्हाई राव मॅडम. मघाधरनं माझंच त्वांड चाललंय."

"ऐकतेय ना."

"ऐकनारं मानूस बरं असतं, पर मधनंच 'हं' तरी म्हनावं. मला वाटलं मागं घसरून पडल्या."

मी 'हं' म्हणाले. त्या खदखदून हसल्या.

शाळेची खोली वाडीच्या सुरुवातीलाच होती. तीन पायऱ्या, उंच, मधली फुटलेली. सुनंदाताईंनी कुलूप उघडलं. आत छताचा एक पत्रा उडालेला, त्यातून चौकोनी आभाळ दिसत होतं, आणि त्याच मापाचं पाणी जमिनीवर साचलं होतं. दिव्याच्या होल्डरमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. नळाची तोटी होती, तिच्यामागे पाईप नव्हता. मी उभी होते आणि तक्त्यातले रकाने एकामागून एक माझ्यासमोर येत होते. रॅम्प, आहे. वीज, आहे. पाणी, आहे. माझ्याच बोटांनी.

समोरच्या घराच्या पडवीत एक माणूस दोर वळत बसला होता. चाळिशीचा असेल. कमरेखाली पाय वाळलेले, लहानपणीच्या पोलिओने. तो हातांवर चालायचा. दोन्ही तळव्यांत रबरी चपला घातलेल्या. बुधाभाऊ. घायपाताच्या वाखाची दावी वळायची आणि बेल्ह्याच्या बैलबाजाराला जाणाऱ्या टेम्पोवाल्याकडे द्यायची, हा त्याचा धंदा.

सुनंदाताईंनी त्याचं नाव तपासलं. मग म्हणाल्या, "बुधा, आता घरी मत घ्यायला येत्यात. अर्ज भरू का? पेटी हितं पडवीत यील."

"नको."

"आरं का? तीन पायऱ्या घासत जातोस."

"पायऱ्यांचं काय न्हाई ताई. माझ्यामागं रांग थांबती, त्याची लाज वाटती तेवढी." तो वाख पाण्यात बुडवत म्हणाला. "पर आत गेलं की तो साहेब माझं नाव मोठ्यानं पुकारतो. नंबर घेतो, पुरं नाव घेतो, बापाच्या नावासकट. समदी मान वर करून बघत्यात. बाकी पाच वर्सं मला कोन पुऱ्या नावानं हाक मारतो? पडवीत कोन पुकारनार? आन् ऐकनार कोन, ही म्हस?"

म्हैस गोठ्यातून आमच्याकडे बघत होती. सुनंदाताई हसल्या. मलाही हसू आलं, पण ते पूर्ण आलं नाही.

उतरताना मी सुनंदाताईंना तक्त्याबद्दल सांगावं असं मनात आलं. वाक्यही तयार केलं होतं. मला बोलायच्या आधी वाक्य तयार करावं लागतं. मग ते इतका वेळ तयार राहतं की बोलायची जागा निघून जाते. खाचरं संपली, डांबरी रस्ता आला, एसटीचा हॉर्न ऐकू आला.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. भाऊसाहेबांच्या एका मित्राने, आंबेगावात भीमाशंकरच्या बाजूला ग्रामसेवक असलेल्या, त्यांना एका ठरावाचा मसुदा मोबाईलवर पाठवला होता. तिकडच्या काही ग्रामपंचायतींनी तो केला होता. मतदान केंद्रांवरच्या कायमच्या सोयींसाठी केंद्र शासनाने वेगळा निधी द्यावा आणि त्यास ग्रामपंचायतीचा पाठिंबा आहे, असा. सोयी नसलेली केंद्रं बंद करून मोठ्या गावाला जोडणार, अशी कुणकुण त्याआधीच तालुक्यात फिरत होती.

सरपंच बाई आहेत. त्यांचे यजमान सभेत त्यांच्याआधी बोलतात. "इलेक्शन घ्यायचं दिल्लीनं," ते म्हणाले, "आन् बल्ब लावायचा आपुन?"

"बल्ब लावू हो," मागून एकजण ओरडला, "पर मागल्या बारीला काढून कुनी नेला ते आधी सांगा."

"तुझ्याच गोठ्यात हाय तो. म्हस बी वळखती त्याला."

सभा हसली. सरपंचबाईंनी टेबलावर हात आपटला. "हसन्यावारी नेऊ नका. वाडीचं केंद्र गेलं तर म्हातारी मानसं दीड घंटा चालत खाली येतील का? आन् पंचायतीच्या फंडात नळाची दुरुस्ती व्हईना, तिथं पत्रं कुठनं घालायचं? ज्यानला आपलं मत पायजे त्यानी खोलीला पैसं द्यावं. लिव्हा मॅडम. सूचक माझं नाव टाका."

वाडीतल्या एका सदस्याने अनुमोदन दिलं. हात वर झाले. माझ्या मांडीवर प्रोसिडिंगचं रजिस्टर होतं आणि पेन बोटात घट्ट धरलेलं. त्या खोलीत एकटीला मला माहीत होतं की जे नाही म्हणून आपण मागतोय, ते सगळं आहे म्हणून आपण आधीच कळवलेलं आहे. भाऊसाहेबांनाही माहीत होतं म्हणा. पण त्यांच्यासाठी तक्ता ही एक गोष्ट होती आणि ठराव ही दुसरी. दोन कागद कधी एकमेकांना भेटतात, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

तो ठराव मी मन लावून लिहिला. संध्याकाळची गाडी चुकली, पुढची धरली. 'सदर वस्ती दुर्गम असून तेथील मतदारांमध्ये वृद्ध व दिव्यांग व्यक्तींचा समावेश आहे.' दिव्यांग व्यक्ती लिहिताना मला हातातल्या रबरी चपला दिसत होत्या. ते वाक्य मी तीनदा बदललं. शेवटी पहिलंच ठेवलं. मला वाटलं होतं, चांगलं लिहिलं की झालेली चूक भरून निघते.

कागद भेटले. गणपतीच्या दिवसांत उत्तर आलं, चार ओळींचं. आपणच सादर केलेल्या माहितीनुसार सदर केंद्रावर सर्व सुविधा उपलब्ध असल्याने निधीच्या मागणीचा प्रश्न उद्भवत नाही.

भाऊसाहेबांनी ते वाचलं, घडी घातली, फाईलला लावलं. "आता त्या तक्त्याला हात लावू नका," एवढंच म्हणाले.

मला वाटलं, ते स्वतःला वाचवताहेत. असं वाटायला मला फार वेळ लागला नाही. मी इंग्रजी शाळेत शिकले होते, जिथे भिंतीभिंतीवर खरं बोलण्याचे गुण लिहिलेले असत, आणि मी कधी तिथे तोंड उघडून काही बोललेच नव्हते, खरं किंवा खोटं. एका दुपारी भाऊसाहेब तालुक्याला गेले होते. समोरच्या देवळात गणपतीची आरती लागली होती, बाया पाणी भरून चालल्या होत्या. तक्ता दुरुस्त करायची मुदत अजून दोन दिवस होती. मी तो उघडला. वरची वाडी. रॅम्प, नाही. वीज, नाही. पाणी, नाही. पाच वेळा बोट दाबलं, आणि शेवटी 'सादर करा'. घरी जाताना एसटीत मला खिडकीची जागा मिळाली, घाटाकडचे डोंगर धुतल्यासारखे दिसत होते, आणि मला फार बरं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी सांगितलं होतं आणि त्यासाठी मला कुणाकडे बघावं लागलं नव्हतं.

नवरात्रात यादी आली. किमान सुविधांअभावी वरच्या वाडीचे केंद्र तात्पुरत्या स्वरूपात खालील शाळेस जोडण्यात येत आहे.

भाऊसाहेबांनी यादी वाचून माझ्याकडे पाहिलं. रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले नाहीत. "सांगितलं होतं ना," एवढं म्हणाले, आणि मग हळूच, "त्या 'आहे'वर केंद्र टिकलं होतं मॅडम. निधी मिळत नव्हता, पण केंद्र तरी होतं." नोटीस मीच टाईप केली. तिच्यावर शिक्का मारला. शिपायांनी ती वाडीत नेऊन शाळेच्या दाराला चिकटवली, त्याच खळीने.

आज इतक्या दिवसांनी मला सगळ्यात जास्त आठवतो तो त्या मतदानाचा दिवस. भात कापणीला आलेलं, काही शेतांत पेंढ्यांचे कवळे पडलेले, हवेत कोरड्या गवताचा गोडसर वास. सकाळी सातला मी जुन्नरला माझं मत देऊन आले आणि खालच्या शाळेत पंचायतीतर्फे मदतीला बसले. जमिनीवर चुन्याच्या रेघा, दारात पिण्याच्या पाण्याचा पिंप, आणि भिंतीला टेकवलेली एक नवी कोरी चाकाची खुर्ची. तिच्या बैठकीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मी ती दोनदा पुसली. तिची चाकं फिरतात का ते पाहिलं. आतून नावं पुकारल्याचा आवाज येत होता, प्रत्येक नाव बापाच्या नावासकट.

वाडीतली माणसं दिवसभर थोडी थोडी उतरत राहिली. काही पायी, काही मोटरसायकलवर तिघंतिघं. म्हाताऱ्या बाया ओट्यावर बसून पाय चेपत होत्या. एकीने मला विचारलं, "पोरी, परत जायला गाडी हाय का?" गाडी नव्हती. चारच्या सुमारास सुनंदाताई रिक्षातून आल्या. दिव्यांगांसाठी म्हणून ती रिक्षा खास पाठवली होती. मागची सीट रिकामी होती.

"येत न्हाई म्हनला," त्या म्हणाल्या. "मी लई सांगितलं. म्हनला, खुर्ची असंल न्हायतर पालखी, मला नको."

सहा वाजेपर्यंत मी खुर्चीजवळ बसून होते. सहाला फाटक बंद झालं.

मग एका दुपारी मी एकटीच वाडीत गेले. एकटीने ती वाट चढायची माझी पहिलीच वेळ. ढग नव्हते, त्यामुळे वाट किती लांब आहे ते स्पष्ट दिसत होतं. खळ्यांवर झोडणी चालू होती. फळीवर पेंढी आपटल्याचा आवाज एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर जायचा. बुधाभाऊ पडवीतच होते. हो, त्या दिवसापासून मी त्यांच्याबद्दल 'ते' म्हणूनच विचार करते.

"या मॅडम. एकल्याच?"

"हो. तुम्ही मत द्यायला आला नाहीत."

"केंद्र खाली पळालं. मी कशाला पळू त्याच्यामागं?" ते हसले. "तुमीच सांगा, पळू कसा?"

मला हसता आलं नाही. "रिक्षा पाठवली होती."

"आली व्हती. दोघं पोरं उचलाया बी आली, चांगली पोरं. पर कसं हाय, हितल्या तीन पायऱ्या माझ्या मी चढतो. तिथं मला पोत्यागत काखेत मारून न्हेनार, समदं गाव बघनार. आन् मग माझं नाव पुकारनार. तसं नको." त्यांनी वाखाची नवी बट घेतली. "तालुक्याला म्हनं कुनी तरी लिव्हून दिलं, हितं काय न्हाई म्हनून. कोन व्हतं?"

इथे मला 'सबब' आणि 'यास्तव' यांतलं काही सापडलं नाही.

"मी."

हात थांबले नाहीत. "आन् त्याच्या आदी समदं हाय म्हनून गेलं व्हतं म्हनं. तालुक्याच्या पत्रात तसं व्हतं, सुनंदाताई सांगत व्हती. ते?"

"तेही मीच."

आता ते थांबले. माझ्याकडे बघून हसले, पण त्या हसण्यात मला बसायला जागा नव्हती. "मंजी हाय बी तुमीच, न्हाई बी तुमीच. आन् आमी कुठं व्हतो मॅडम? खोटं लिव्हताना इचारलं न्हाई, ते ठीक हाय, खोटं कोन इचारून लिव्हतं. पर खरं लिव्हताना तरी इचारायचं. आमी सांगितलं असतं, थांबा जरा. आदी पायऱ्या बुजवू, मग लिव्हा."

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. वळलेल्या दोराचं एक टोक माझ्याकडे फेकलं. "धरा. पीळ द्यायचाय. सोडू नका, न्हायतर समदा उलटा फिरंल."

मी टोक धरलं. अंगणाच्या दुसऱ्या कडेला बसून ते पीळ देऊ लागले आणि तो पीळ दोरातून चालत माझ्या मुठीपर्यंत आला. तळहाताला वाख टोचत होता. मूठ सैल झाली की ते तिकडून नुसते बघायचे. किती वेळ गेला कुणास ठाऊक. झोडणीचा आवाज थांबला, बायका डोक्यावर भारे घेऊन गेल्या, कुणीतरी विचारलं, 'मॅडमला कामाला लावलंस व्हय?' आणि ते म्हणाले, 'आपसूक आल्यात.' दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे, हे हाताला कळत होतं. त्या सबंध ऋतूत मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, आणि तो दोर सोडावासाही वाटत नव्हता.

दिल्लीला पाठवायच्या त्या ठरावाचं पुढे काय झालं, मला नीट सांगता येणार नाही. तक्त्यातली दुरुस्ती झाल्यावर तो पुन्हा वर गेला. अधूनमधून मी विचारते. 'कार्यवाहीस्तव सादर' असं कळतं. जुन्नर-आंबेगावातल्या डोंगरांतून असे बरेच कागद गेले असतील. सगळ्यांत 'दुर्गम' असेल, 'वृद्ध व दिव्यांग' असेल. कुठल्यातरी टेबलावर ते एकमेकांवर पडलेले असतील. मला त्यांची काळजी वाटते, दूरगावी नोकरीला गेलेल्या नातेवाइकांची वाटावी तशी.

वाडी मात्र थांबली नाही. आमच्या या पश्चिमेच्या पट्ट्यात पडकई नावाची रीत आहे. उतारावर एकाचं भातखाचर बांधायचं असलं की सगळी वाडी त्याच्या रानात दगडमाती उचलायला जाते, मग दुसऱ्याच्या. मजुरी नाही, आज तुझं, उद्या माझं. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी शाळेची पडकई केली. पायऱ्यांवर दगड रचले, माती चोपली, वर सिमेंटचा हात फिरवला. रॅम्प जरा डावीकडे झुकलेला आहे, आणि शेवटी एक वळण आहे जे कुठल्याच नकाशात बसणार नाही. पत्रे पंचायतीने कसेबसे घातले. वीज आली नाही. पाण्याचा पाईपही नाही.

आणि या वर्षी तो तक्ता पुन्हा आला.

भाऊसाहेब नेहमीसारखं काही म्हणायच्या आत मी त्याची प्रत काढली आणि वाडीत घेऊन गेले. सुनंदाताईंनी माणसं जमवली. रॅम्पवर, पायऱ्यांच्या जागी, सगळे बसले. मला चारचौघांत मोठ्याने वाचता येत नाही. शाळेत माझी पाळी आली की मला खोकला यायचा. तिथेही आला. मग मी वाचलं. रॅम्प.

"हाय!" दहा जण एकदम.

वीज.

"हायच लिव्हा," एक म्हातारी म्हणाली. "न्हायतर परत उचलून न्हेत्याल."

"आगं, हाय लिव्हल्यावर पैसा कोन दील?"

"पैसा आलाय व्हय आजवर?"

"मावशे, तुज्या घरी यील का इजेचा खांब, हाय म्हनल्यावर?"

भांडण चांगलं रंगलं. मी पेन घेऊन बसले होते. लिहिण्याआधी इतका वेळ थांबायची मला सवय नव्हती. शेवटी सगळ्यांनी बुधाभाऊंकडे पाहिलं. ते म्हणाले, "जे हाय ते हाय. जे न्हाई ते न्हाई. आन् खाली मोकळी जागा हाय का कागदावर?"

"शेऱ्याची आहे."

"तिथं लिव्हा, केंद्र हितंच पायजे. दिवा लावायचं पैसं त्यांनी द्यावं, मत आमी देतो."

मी लिहिलं. सह्या झाल्या, अंगठे झाले. ऑफिसात भाऊसाहेबांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. "खुलासा मागतील."

"मी देईन," मी म्हणाले. हे वाक्य मी तयार केलेलं नव्हतं.

हे सगळं होऊन महिना झाला. आता कागद चिकटलेत, प्रशिक्षणं सुरू झालीत, आणि केंद्रांची शेवटची यादी अजून आलेली नाही. वाडीचं नाव तिच्या स्वतःच्या शाळेपुढे असेल की पुन्हा खालच्या शाळेखाली, कुणालाच माहीत नाही. मी दिवसातून चार वेळा मेल उघडते. येत्या मतदानाच्या दिवशी बुधाभाऊ पडवीत असतील की रॅम्पवर, ते त्या यादीतल्या एका ओळीवर आहे.

वाडीत मोबाईलला रेंज नाही. ती फक्त रॅम्पच्या वरच्या टोकाला येते, खोलीच्या बंद दाराशी. बुधाभाऊ दुपारी तिथे चढून जातात आणि मला फोन लावतात. आजही लावला.

"मॅडम, आली का यादी?"

"नाही आली, बुधाभाऊ."

"बरं."

त्यांच्याकडून वारा ऐकू येत होता, आणि चढून आल्यावरचा त्यांचा श्वास. त्यांना बहुतेक पंख्याची घरघर येत असावी. त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. ऑफिसात कुणी नव्हतं. मी दुसऱ्या हाताने पुन्हा एकदा मेल उघडला.